कपाटातले लव्हेंडर आणि बशीतले लव्हेंडर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लव्हेंडरच्या वाळलेल्या फुलांवर अर्धे पान आले होते. बिस्किटे, सरबत, झोपेसाठी चहा, लोकरीच्या कपड्यांत ठेवायची पुरचुंडी, सगळे एका दमात. लेख वाचायला गोड होता. त्यावरून मी केलेली बिस्किटे मात्र घशाखाली उतरली नाहीत. त्यात माझी जेवढी चूक आहे तेवढी मी खाली कबूल करते. उरलेली चूक लेखाची आणि पाकिटाची आहे, म्हणून हे पत्र. लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करावी, फक्त आकड्यांना हात लावू नये.

मी ३४ वर्षे औषधांच्या काउंटरमागे काढली. 'एक चमचा' म्हणजे ५ मिलिलिटरचा की १५ मिलिलिटरचा, हे समजावून सांगितल्याशिवाय बाटली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणून ठेवला. घरचे त्याला 'आजीचं दुकान' म्हणतात. म्हणू देत.

आपल्या लेखात बिस्किटांसाठी प्रमाण होते, पाव किलो मैद्याला दोन मोठे चमचे लव्हेंडर. कोणते लव्हेंडर, याबद्दल अक्षर नाही. माझ्याकडे भाचीने भेट दिलेले एक पाकीट होते. जांभळी फीत बांधलेले, पुढच्या बाजूला फुलांचे चित्र आणि 'लव्हेंडर' एवढेच नाव. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'सुगंधासाठी' असे छापलेले होते. ते मी वाचले नाही. उभा जन्म लोकांना 'लेबल वाचा हो' म्हणून दटावणाऱ्या बाईने वाचले नाही, कारण चष्मा दुसऱ्या खोलीत होता आणि लोणी वितळायला लागले होते.

ओव्हनमधून पहिला वास आला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. नातवाने एक चावा घेतला, थांबला आणि म्हणाला, "आजी, हे कपाटासारखं लागतंय." तो सात वर्षांचा आहे, त्याला भीडभाड नाही. जाऊबाईंना आहे. त्यांनी दोन बिस्किटे एक अक्षर न बोलता संपवली आणि चहा तेवढा तीनदा मागून घेतला.

'कपाटासारखं' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण पोरगा अगदी बरोबर होता. तो कापराचा वास होता, आणि कापूर त्या फुलांतलाच होता.

लव्हेंडर या एका नावाखाली वेगवेगळी झाडे विकली जातात. स्वयंपाकात वापरतात ते मुख्यतः लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया. याला इंग्लिश लव्हेंडर म्हणतात, पण ते मूळचे इंग्लंडचे नाही, भूमध्य समुद्राकडच्या डोंगरउतारांवरचे आहे. दुसरे लॅव्हेंड्युला लॅटिफोलिया, जास्त उग्र, खालच्या उंचीवर वाढणारे. या दोघांचा संकर म्हणजे लव्हेंडिन, शास्त्रीय नाव लॅव्हेंड्युला इंटरमीडिया. लव्हेंडिनला बी धरत नाही, त्याची लागवड छाटकलमांनीच करावी लागते. पण झाड दांडगे, कणसे लांब, आणि हेक्टरी तेल मूळ लव्हेंडरच्या कित्येक पट. साबण, कपडे धुण्याची पावडर, फरशी पुसायचे द्रव, यांत जो 'लव्हेंडर'चा वास येतो तो बहुतेक याचा, नाहीतर कारखान्यात तयार केलेला. फ्रान्समधल्या व्हालाँसोलच्या पठाराची जी चित्रे आपण बघतो, क्षितिजापर्यंत गेलेल्या गुबगुबीत जांभळ्या ओळी, तीही बहुतांश लव्हेंडिनचीच शेते. आपल्या पुरवणीत पाककृतीच्या डोक्यावर तसेच चित्र होते. म्हणजे चित्र एकाचे आणि पाककृती दुसऱ्याची.

आता फरक कुठे पडतो ते सांगते. दोन्हींच्या सुगंधाचा कणा एकच आहे, लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट ही तेलातली दोन द्रव्ये. त्यातले लिनालूल तुम्ही रोज हुंगता, कारण धण्याच्या तेलातही तोच मुख्य घटक. पण चांगल्या अँगुस्टिफोलियाच्या तेलात कापूर साधारण १ टक्क्याच्या आत असतो, आणि लव्हेंडिनच्या 'ग्रोसो' या सर्वांत जास्त लावल्या जाणाऱ्या वाणात तो ६ ते ८ टक्के असतो. कपाटात ठेवायच्या पुरचुंडीला हा कापूर शोभतो. लोणी-साखरेत तो नातवाला सापडतो. लव्हेंडिन विषारी आहे असे मी म्हणत नाही. भाजलेल्या बटाट्यांवर किंवा मांसावर रोझमेरीबरोबर त्याची चिमूट टाकणारे चांगले स्वयंपाकी आहेत, आणि 'प्रोव्हान्स' नावाचे लव्हेंडिनचे एक वाण खाण्यासाठी म्हणून विकलेही जाते. पण नाजूक गोड पदार्थात ते नको, आणि दोन मोठे चमचे तर नकोच नको.

यावर जाऊबाई म्हणाल्या, "इतकं काय त्यात, फूल ते फूल." म्हणून मी खाण्याचे म्हणून मिळणारे, पाकिटावर शास्त्रीय नाव छापलेले लव्हेंडर मागवले आणि दोन सारख्या वाट्यांत दोन्ही ठेवून घरच्यांना डोळे मिटून हुंगायला लावले. आधी तळहातावर चोळायला सांगितले. ते महत्त्वाचे आहे, कारण आपण ज्याला वाळलेले फूल म्हणतो तो बहुतांशी फुलाचा बाहेरचा पेला असतो, निदलपुंज. पाकळी वाळताना गळून जाते. तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी त्या पेल्यावरच्या लवीमध्ये दडलेल्या असतात, चोळल्या की फुटतात. नुसत्या वाटीत वाकून दोन्ही सारखीच वाटली. चोळल्यावर जाऊबाईंनी पहिल्या वाटीला नाक मागे घेतले आणि म्हणाल्या, "ही सर्दीची." दुसरीला म्हणाल्या, "ही बरी, लिंबाच्या सालीसारखी, मागाहून गोड." त्यांचा मुलगा मात्र दोन्ही एकच म्हणाला. त्याला खरोखर सर्दी होती, त्यामुळे त्याचे मत मी मोजले नाही.

डोळ्यांनी मात्र मला काही ओळखता आले नाही. सुटे दाणे हातात घेतल्यावर रंगावरून जात सांगणे माझ्यासारखीला अशक्य आहे, आणि गडद जांभळा म्हणजे उत्तम, हे तर साफ खोटे. रंग वाणावर अवलंबून असतो. शिवाय शोभेसाठी आणि पॉटपुरीसाठी, म्हणजे खोलीत वासासाठी ठेवायच्या वाळलेल्या फुलांच्या मिश्रणासाठी, विकल्या जाणाऱ्या फुलांवर रंग किंवा वरून सुगंधी तेल मारलेले असू शकते, आणि ती खाण्यासाठी नसल्यामुळे फवारणीच्या औषधांकडेही कुणी तशा नजरेने बघितलेले नसते. म्हणून गिऱ्हाइकाला लेबलाशिवाय दुसरा आधार नाही. इंग्लिश, फ्रेंच, स्पॅनिश ही बाजारातली नावेही कामाची नाहीत. 'फ्रेंच लव्हेंडर' म्हणून कुणी एक झाड विकतो, कुणी दुसरेच, आणि फुलाच्या टोकाला सशाचे कान असलेले जे एक दिसते त्यातही कापूर भरपूर. औषधांच्या धंद्यात आम्ही शास्त्रीय नावाशिवाय एक काडी ठेवली नसती.

हे अशक्य नाही हे दाखवायला एक उदाहरण देते. फ्रान्समध्ये ओत-प्रोव्हान्सच्या लव्हेंडर तेलाला १९८१ पासून उगमाच्या नावाचे संरक्षण आहे. अँगुस्टिफोलियाच हवे, तेही बियांपासून वाढवलेले, आणि शेत समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या वर. तेलाच्या बाटलीवर एवढे सांगता येते, तर जे पोटात जायचे त्याच्या पाकिटावर दोन शब्दांचे शास्त्रीय नाव, 'खाण्यासाठी' की 'सुगंधासाठी' हे वाचता येईल अशा अक्षरांत, आणि फुले कोणत्या महिन्यात काढली ते, एवढे छापायला काय हरकत आहे? आणि जोवर पाकीटवाले छापत नाहीत तोवर पाककृती छापणाऱ्यांनी तरी विचारावे. माझी मुख्य मागणी ही आहे, आणि ती आपल्या पुरवणीपासून सुरू व्हावी.

लेखात आणखी एक वाक्य होते, ज्याने माझी त्या रात्रीची झोप उडाली. फुले मिळाली नाहीत तर तेलाचे पाच थेंब घाला! संपादक महोदय, हे वाक्य छापायला नको होते. हिशेब मांडते. युरोपीय औषधसंहितेची अट आहे की लव्हेंडरच्या १ किलो वाळलेल्या फुलांत किमान १३ मिलिलिटर तेल हवे. माझ्या काट्यावर चहाचा एक सपाट चमचा फुले भरतात पाऊण ग्रॅमच्या आसपास. त्यात तेल आले साधारण ०.०१ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब असतो ०.०३ ते ०.०५ मिलिलिटर. म्हणजे एका थेंबात तीन ते पाच चमचे फुले बसली, आणि लेखातल्या पाच थेंबांत पंधरा ते पंचवीस चमचे. तेही फुलांतले सगळे तेल दुधा-लोण्यात उतरते असे धरून. ते तसे उतरत नाही, त्यामुळे खरा फरक याहून मोठा. शिवाय सुगंधासाठी विकले जाणारे तेल पिण्यासाठी तयार केलेले नसते, पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते, आणि ज्याच्या पेल्यात पहिला घोट येतो त्याच्या घशाला चटका. लहान मुलांच्या घरात तर ती बाटली कुलपात हवी.

झोपेच्या चहाबद्दल. लव्हेंडरच्या चहाने हमखास झोप लागते असे आपण छापले आहे. युरोपीय औषध संस्थेच्या वनस्पती समितीने लव्हेंडरच्या फुलांसाठी दिलेले प्रमाण आहे, १ ते २ ग्रॅम फुले, १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून तीनदा, १२ वर्षांवरील व्यक्तींना, सौम्य मानसिक ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी. पण ही मान्यता 'पारंपरिक वापर' या सदरात आहे. म्हणजे लोक पुष्कळ वर्षे वापरत आले आहेत एवढाच आधार. चाचण्यांची बातमी आपण वाचता ती बहुधा जर्मनीत मिळणाऱ्या ८० मिलिग्रॅम तेलाच्या कॅप्सूलची असते. ती वेगळी वस्तू आहे, तिचा निकाल चहाला लावता येत नाही. मी स्वतः १ ग्रॅमचा चहा करून बघितला. चव औषधाची. झोप लागली, पण मला ती पुस्तक हातात घेतले तरी लागते. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी आणि दिवस गेलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा चहा सुरू करू नये, हे एक वाक्य लेखात हवे होते.

बिस्किटांनी तोंड पोळल्यावर मी दोन महिने काटा घेऊन बसले. (निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते.) त्यातून जे हाती आले ते वाचकांच्या उपयोगी पडावे.

लव्हेंडरचा सुवास पाण्यात फारसा उतरत नाही, स्निग्धात आणि मद्यार्कात उतरतो. म्हणून सगळ्यांत सोपी आणि खात्रीची जागा म्हणजे दूध किंवा साय. अर्धा लिटर दुधाला चहाचा एक सपाट चमचा. दूध वाफाळेपर्यंत तापवायचे, उकळी येऊ द्यायची नाही, विस्तव बंद, फुले टाकून झाकण. दहा मिनिटांनी गाळायचे. झाकण विसरू नका, नाहीतर सुवास स्वयंपाकघरभर आणि दुधात काही नाही. पंधरा मिनिटांच्या पुढे गेलात की कडवटपणा उतरायला लागतो. मी एकदा फोनवर बोलत बसले, पाऊण तास गेला, आणि ते कस्टर्ड टाकून द्यावे लागले. या दुधाचे कस्टर्ड किंवा आइस्क्रीम छान होते, आणि खाणाऱ्याच्या दाताखाली दाणा येत नाही. तो दाणा दाताखाली येणे हीच अर्ध्या लोकांची लव्हेंडरशी अढी असते.

साखर हा दुसरा मार्ग. २०० ग्रॅम साखरेत दोन सपाट चमचे फुले, घट्ट झाकणाची बरणी, दोन आठवडे, आठवणीने मधूनमधून हलवायची, मग चाळून घ्यायची. बिस्किटांना मात्र चाळून न घेता थोडी साखर आणि फुले मिक्सरमधून बारीक केली तर उत्तम. आता माझे प्रमाण पाव किलो मैद्याला चहाचा एक सपाट चमचा, दळलेला. आपल्या लेखातले दोन मोठे चमचे म्हणजे चहाचे सहा! आणि कुणाच्या बागेत ताजी फुले असतील तर वाळलेल्याच्या तिप्पट घ्यावीत. हे उलट केले की काय होते ते मी वर सांगितले आहे.

सरबताचा पाक मी साखर आणि पाणी समभाग घेऊन करते, एका कपाला दीड चमचा फुले, उतरवल्यावर वीस मिनिटे. इथे वाचकांना सावध करते, पाक जांभळा होत नाही. माझा पाक फिकट, मळकट, भांडे विसळल्याच्या पाण्यासारखा दिसत होता आणि मी निराश झाले होते. मग लिंबू पिळले आणि त्याला गुलाबी झाक आली. फुलांतले रंगद्रव्य आंबटात गुलाबी होते, एवढीच गंमत. चित्रांत दिसणारे गर्द जांभळे सरबत म्हणजे वरून टाकलेला रंग समजावा.

लिंबू, मध, बदाम, जर्दाळू, ब्लूबेरी आणि काळे चॉकलेट यांच्याशी लव्हेंडरचे जमते. गुलाबाशी जमत नाही. दोघेही बोलायला लागतात आणि कुणाचेच ऐकू येत नाही. व्हॅनिलाबद्दल घरात मतभेद आहेत. जाऊबाईंना चालते, मला नाही. पण जोडीला काहीही असो, लव्हेंडरचे काम मागे उभे राहायचे आहे. ते आहे असे वाटले पण नाव सांगता आले नाही, तर प्रमाण बरोबर. नाव लगेच सांगता आले तर नाकापेक्षा मोती जड झाला.

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे लोक सगळ्यातच लव्हेंडर घालतात, असेही लेखात होते. तिथले जे प्रसिद्ध वाळलेल्या पानांचे मिश्रण आहे त्याच्या लाल मोहरेच्या, म्हणजे दर्जाची सरकारी खूण असलेल्या प्रकारात ओरेगॅनो, सॅव्हरी आणि रोझमेरी प्रत्येकी २६ टक्के, थाइम १९ टक्के आणि बेसिल ३ टक्के असते. बेरीज करून बघा, शंभर भरते. लव्हेंडरला त्यात जागाच नाही. लव्हेंडर घातलेली मिश्रणे विकली जातात, पण ती मुख्यतः प्रवाशांसाठी आणि अमेरिकेच्या बाजारासाठी. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरे काय.

घरातल्या वापराबद्दल मला फार सांगायचे नाही, कारण तिथे चूक झाली तर तोंड वाकडे होत नाही. दोन गोष्टी मात्र आपल्या लेखाने चुकीच्या सांगितल्या. लोकरीच्या कपड्यांत लव्हेंडरची पुरचुंडी ठेवली की कसर लागत नाही, हे अर्धसत्य. उडणाऱ्या पतंगाला तो वास थोडाफार नकोसा वाटत असेल, पण लोकर खातात त्या अळ्या, आणि घालून ठेवलेल्या अंड्यांना पुरचुंडीचे काही वाटत नाही. कपडे आधी धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायला हवेत. शंका असेल तर पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. मग खुशाल पुरचुंडी ठेवा, कपाट उघडताना बरे वाटते. वास उतरला की पुरचुंडी मुठीत दाबायची, शिल्लक ग्रंथी फुटतात. दोन-तीन वर्षे मी अशी चालवते.

दुसरी गोष्ट मांजराची. आमच्याकडे एक आहे, लठ्ठ आणि आगाऊ. आपल्या लेखात सुचवले होते की लव्हेंडर तेलाचा धूर खोलीत सोडला की पाळीव प्राणीही शांत होतात. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या यादीत लव्हेंडर मांजर, कुत्रा आणि घोडा या तिघांना विषारी म्हणून नोंदलेले आहे, कारण तेच लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट. मांजराच्या यकृतात अशी द्रव्ये निकामी करण्याची एक महत्त्वाची वाट फार कमी चालते. कपाटातल्या पुरचुंडीने काही बिघडत नाही, पण बंद खोलीत तेलाची वाफ आणि त्यात मांजर, हे नको. मांजर शांत झालेले दिसले तर ते शांत झाले आहे की आजारी पडले आहे हे कोण बघणार?

साठवणीचे थोडक्यात: काचेची, घट्ट झाकणाची बरणी, अंधारे फडताळ, शेगडीपासून लांब आणि चहापत्तीच्या शेजारी तर मुळीच नाही. आमचा चहा आठवडाभर लव्हेंडरचा झाला होता. बरणीवर मी तारीख लिहिते. वर्षभर स्वयंपाकात, त्यानंतर चोळून वास आला तर कपाटात, नाही आला तर कुंडीत.

आपल्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. मोठी नको. तेलाच्या थेंबांचे वाक्य मागे घ्यावे, आणि पाककृतीत कोणते लव्हेंडर आणि किती ग्रॅम, एवढे घालावे. लेखिकेवर माझा राग नाही. त्यांनी ती बिस्किटे स्वतः करून खाल्ली असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती, असे मात्र वाटते.

माझ्याकडचे ते जांभळ्या फितीचे पाकीट मी टाकले नाही. त्याच्या सहा पुरचुंड्या शिवल्या आणि कपाटात ठेवल्या, जिथे ते पहिल्यापासून असायला हवे होते. परवा नातू माझ्यासोबत स्वेटर काढायला आला. कपाटाचे दार उघडले, नाक वर करून हुंगले आणि म्हणाला, "आजी, बिस्किटांचा वास येतोय."

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त औषधनिर्माती

ता. क. नाव छापू नये. जाऊबाई हे सदर रोज वाचतात, आणि ती दोन बिस्किटे त्यांना आवडली असे त्यांनी अजून माघारी घेतलेले नाही.